साडेसहाचं टेबल

त्या बेटावरच्या जेवणाची गोष्ट मी डब्लिनमधल्या निदान दहा-बारा घरांत सांगितली असेल. ओहायोतल्या आमच्या या गावात शनिवारी कोणाकडे ना कोणाकडे जेवण असतंच. पुण्या-नागपूरहून आलेली तरुण मुलं आम्हा म्हाताऱ्यांनाही बोलावतात, काका-काकू म्हणतात, आणि जेवणं झाली की काकांनी काहीतरी सांगावं अशी त्यांची अपेक्षा असते. मी ही गोष्ट सांगायचो. आमच्या होणाऱ्या विहीणबाईंनी बंदरावरच्या उंची रेस्टॉरंटमध्ये मुद्दाम शाकाहारी जेवण करवून घेतलं आणि आमच्या हिने ताटाला हात लावला नाही, कारण नेमकी त्या दिवशी संकष्टी निघाली. "यार, काकू म्हणजे काकूच," असं म्हणून पोरं हसायची. माझी बायको तेव्हा बायकांबरोबर स्वयंपाकघरात असायची. तिला सगळं ऐकू जायचं.

गोष्ट खरी आहे, पण मी ती अर्धीच सांगत आलो. उरलेली अर्धी माझी आहे, ती इथे लिहितो.

दोन हजार चार-पाचचा हिवाळा असेल. मी निवृत्त होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आमची एकुलती एक मुलगी ॲरिझोनात चँडलरला फिजिओथेरपिस्ट होती. तिथेच चिपच्या कंपनीतल्या एका इंजिनिअरशी तिचं जमलं. मुलगा कॅरिबियनमधल्या एका छोट्या बेटावरचा, कॉलेजसाठी अमेरिकेत आलेला. वडील नव्हते. आई बेटावरच्या शाळेत मुख्याध्यापिका होती आणि निवृत्त होऊन तिथेच राहत होती.

मुलीने फोनवर सांगितलं तेव्हा बायको आधी रडली आणि मग तिने मुलाला काय खायला आवडतं ते विचारलं. मी म्हणालो, "तुझा निर्णय, बेटा. तू खूश, तर आम्ही खूश." इथल्या महाराष्ट्र मंडळात मी पुढारलेला म्हणून ओळखला जात होतो. इतरांच्या मुलांनी गोऱ्या मुली केल्या तेव्हा त्यांच्या घरी जाऊन समजूत घालणारा मी. पण हा मुलगा काळा होता. पुण्याला भावाकडे फोटो कसा पाठवायचा, हा विचार माझ्या मनात पहिल्या दिवशी आला आणि गेला नाही. ते मी कोणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. तिला तसं काही वाटत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. वाटत असणार, असं मी धरून चाललो, कारण आमच्या घरात जुन्या वळणाची ती होती.

लग्नाआधी दोन्ही घरांनी एकदा एकत्र जेवावं, आणि तेही त्याच्या आईच्या गावी, अशी मुलीची इच्छा होती. "तू ते बेट बघ, बाबा. त्याची आई बघ. मग तुला कळेल." आम्ही पाच दिवस जायचं ठरलं. मुलीकडचे म्हणून जेवण आपण द्यायचं, असं बायको म्हणाली, आणि बुकिंग माझ्याकडे आलं. आमच्या घरातली सगळी बुकिंगं माझी. विमानं, हॉटेलं, देवळातल्या सत्यनारायणाची वेळसुद्धा.

मुलीने तीन जागा कळवल्या. मी इंटरनेटवरून लोकांचे अभिप्राय छापून घेतले आणि आलेखाच्या कागदावर तक्ता केला. हॉटेलपासूनचं अंतर, पायऱ्या किती, कारण बायकोचे गुडघे दुखायचे, शाकाहारी काय मिळेल, कपड्यांचे नियम काय. पहिली जागा आमच्याच हॉटेलातला बुफे होता. दुसरी डोंगरावर होती आणि तिथे पोचायला चाळीस पायऱ्या होत्या. तिसरी बंदरावर. एके काळचं साखरेचं गोदाम, जाड दगडी भिंती, पुढे पाण्यावर बांधलेला लाकडी ओटा, समोर शिडाच्या होड्या. पुरुषांनी कॉलरचा शर्ट आणि लांब पँट घालावी असा नियम. पदार्थांच्या यादीत मासेच मासे होते, पण आधी सांगितलं तर शाकाहारी करून देऊ, असं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मी बंदरावरची जागा निवडली. इथपर्यंत माझ्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी खात्रीने सांगू शकतो.

वार ठरवताना बायकोने स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेलं भारतातलं कॅलेंडर बघितलं. "गुरुवारी नको हं. चतुर्थी आहे. बुधवारचं घ्या."

संकष्टी तिने मुलगी जन्मली तेव्हा धरली. मुलगी सातव्या महिन्यात झाली. सहा आठवडे काचेच्या पेटीत होती आणि आम्हाला तिला हात लावू देत नव्हते. तेव्हापासून एकोणतीस वर्षं. चंद्र उगवेपर्यंत फक्त पाणी. हे कशासाठी, ते तिने मुलीला कधी सांगितलं नाही. असलं बोलून दाखवायचं नसतं, असं तिचं म्हणणं. मुलीला एवढंच ठाऊक होतं की आई महिन्यातून एकदा जेवत नाही आणि त्या दिवशी जरा चिडचिडी असते.

मी फोन केला. पलीकडची बाई फार गोड बोलायची. बुधवारी पाण्याजवळचं टेबल आहे, म्हणाली. जेवणाच्या दोन वेळा, साडेसहा किंवा नऊ. साडेसहावाल्यांनी पावणेनऊला टेबल रिकामं करायचं. दोन्ही वेळा मोकळ्या होत्या. मी म्हटलं, घरी विचारून कळवतो. मुलीला फोन केला.

"नऊचं घे ना, बाबा. नऊला गर्दी कमी असते, छान वाटतं. पण तुम्हाला लेट होईल का?"

"बघतो," मी म्हणालो.

त्याच दिवशी दुपारी मंडळाची मेल आली. इथल्या मराठी घरांना ठाऊक आहे की भारतातल्या कॅलेंडरवरची चतुर्थी इथे नेहमी लागू पडत नाही. तिथे गुरुवारी चंद्रोदयाला जी तिथी असते, ती कधी कधी आपल्याकडे बुधवारीच येऊन जाते. म्हणून मंडळातले एक गृहस्थ गणित करून दर तीन महिन्यांनी इथल्या तारखांची यादी पाठवायचे. कॉम्प्युटर माझ्या टेबलावर. यादी छापून दाराला चिकटवणं हे माझं काम. या वेळच्या यादीत बुधवार होता.

मी यादी छापली नाही. बेटावर त्या बुधवारी चंद्र कधी उगवतो ते शोधून काढलं. नऊला दहा मिनिटं कमी. म्हणजे नऊचं टेबल घेतलं असतं, तर ती चंद्र बघूनच जेवायला बसली असती. सगळं इतकं नीट जुळत होतं की मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. मग फोन उचलला आणि साडेसहाचं टेबल पक्कं केलं. त्या बाईने विचारलं, आणखी काही विशेष सूचना? मी म्हणालो, नाही.

माझ्या डोक्यात काय होतं? लग्न मोडावं, एवढं स्पष्ट काही नव्हतं. त्या लोकांनी बघावं की आपण किती वेगळे आहोत. मुलाच्या आईला वाटावं की हे जमायचं नाही. मुलीने विचारात पडावं. आणि हे सगळं माझ्या बायकोच्या हातून व्हावं. मी पुढारलेलाच राहावं.

आम्ही सोमवारी पोचलो. मुलगी आणि होणारा जावई त्याच्या आईकडे उतरले होते, आम्ही हॉटेलात. बुधवारी सकाळी बायकोने अंघोळ केली, चहा घेतला आणि डब्लिनच्या मैत्रिणीला फोनकार्डावरून फोन लावला. थंडीत घरातले पाइप गोठू नयेत म्हणून तिच्याकडे आमची किल्ली ठेवली होती. बोलता बोलता बायकोचा चेहरा बदलला.

"अहो, ती म्हणतेय आज चतुर्थी. यादी आली होती म्हणे. तुम्हाला नाही आली?"

"नाही. माझ्याकडे नाही आली."

"आता काय करायचं?" ती पलंगावर बसली. "चहा झाला, तो झाला. चहाने काही मोडत नाही. पण साडेसहाला कसं जेवू? त्या हॉटेलवाल्यांना विचारा ना, नऊचं देतात का. आणि पोरीलाही कळवा, म्हणजे त्या बाईंना अवघडल्यासारखं व्हायला नको."

"विचारतो," म्हणून मी खाली गेलो. खोलीतल्या फोनवरून बेटावरचे नंबर नीट लागत नाहीत, असं काहीतरी तिला सांगितलं. खाली लॉबीत फोन होता. रिसेप्शनवरच्या मुलीने तो माझ्याकडे सरकवलाही. मी तिला "नंतर" म्हणालो आणि तिथल्या वेताच्या खुर्चीत दहा मिनिटं बसलो. मग वर आलो.

"नऊची वेळ भरलीय," मी म्हणालो. "आणि पोरीला सांगितलंय मी."

"काय म्हणाली?"

"काही नाही. ठीक आहे म्हणाली."

बायकोला हायसं वाटलं. तिने संध्याकाळसाठी जांभळी पैठणी काढली आणि हॉटेलची इस्त्री मागवली.

साडेसहाला आम्ही पाचजण टेबलाशी होतो. मुलाची आई उंच, सरळ बसणारी, पांढऱ्या लेसचा पोशाख घातलेली. तिने बायकोचे दोन्ही हात हातात घेतले आणि साडीचं कापड बोटांनी बघितलं. मग म्हणाली की इथला आचारी तिचा जुना विद्यार्थी आहे. दोन दिवसांपूर्वी ती स्वतः त्याच्या स्वयंपाकघरात गेली होती. आमच्या जेवणाच्या कोणत्याही भांड्याला मासा लागणार नाही, हे तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. मला हे ठाऊक नव्हतं.

ताटं आली. खोबऱ्याच्या दुधातली पालेभाजी, पिकल्या केळ्यांचे तळलेले काप, आणि भाजून मसाला लावलेल्या कसल्याशा फोडी. बायको कोकणातली. बघताक्षणी तिचा चेहरा उजळला. "अगं बाई, हा तर आपला निरफणस!" ती मुलीला म्हणाली. मग ताट हलकेच पुढे सरकवून मोडक्या इंग्रजीत विहिणीला म्हणाली, "सॉरी. टुडे माय फास्ट."

मुलीचा हात थांबला. "आई, व्हॉट?"

"चतुर्थी आहे ना गं आज. बाबांनी सांगितलं ना तुला."

मुलीने माझ्याकडे बघितलं. "बाबा, तू आईला विचारून बुधवार ठेवलास ना?"

"हो तर. तिनेच बुधवार सांगितला," मी म्हणालो.

हे वाक्य अक्षरशः खरं होतं. त्या दिवशी मी बोललेल्या सगळ्यात हेच सर्वांत वाईट. पण बायकोला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिने खरोखरच बुधवार सांगितला होता. ती मान डोलावून हसली. मुलीने ते हसू बघितलं, आणि मी तिला उपासाचं कळवलं होतं की नाही, हा प्रश्न मागे पडला.

विहीणबाईंनी विचारलं, उपास कधीपर्यंत?

"टिल मून," बायको म्हणाली.

"मग आपण चंद्राची वाट बघू. मला घाई नाही," विहीणबाई म्हणाल्या. पण पावणेनऊला टेबल सोडायचं होतं. वेटरने ते दोनदा येऊन सांगितलं. जावई आईशी हळू आवाजात काहीतरी बोलला. त्यानंतर त्या फारसं बोलल्या नाहीत. आम्ही चौघं जेवलो. जेवण उत्तम होतं. बायको मांडीवर हात ठेवून पाण्याकडे बघत बसली. मधूनमधून मला म्हणायची, "घ्या ना, ते केळ्याचं घ्या." शेवटी विहीणबाईंनी वेटरला बोलावून तिचं ताट बांधून द्यायला सांगितलं. तिथे तशी पद्धत नव्हती, पण त्याने ॲल्युमिनियमच्या कागदात बांधून दिलं.

बाहेर धक्क्यावर मुलगी आईला म्हणाली, "वन डे, आई. माझ्यासाठी एक दिवस."

बायकोने पदर सावरला. एकोणतीस वर्षं कोणासाठी, हे ती बोलली नाही. मी शेजारी उभा होतो. मीही बोललो नाही.

हॉटेलवर तिने गॅलरीतून चंद्र बघितला, हात जोडले आणि ते बांधून आणलेलं गार जेवण सगळं खाल्लं. "निरफणस काय सुरेख केलाय," ती म्हणाली. "त्या बाईंना सांगायला हवं हो."

परतल्यावर दोन आठवड्यांनी मुलीचा फोन आला. बायको तिला परत परत सांगत होती, "अगं, बाबांनी विचारलं होतं त्यांना, नऊची वेळ भरली होती." मुलगी म्हणाली, त्या रात्री नऊला अर्धी टेबलं रिकामी होती. जावयाच्या आईने त्या आचाऱ्याकडे चौकशी केली होती. वेळ बदलून मागायला कोणाचाही फोन आलेला नव्हता. "तू खोटं तरी का बोलतेस, आई? नाही आवडत तुला ते लोक, तर तसं सांग."

बायकोने रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही विचारलं होतंत ना?"

"विचारलं होतं. त्या फोनवरच्या बाईच्या लक्षात नसेल."

बायकोने हेच फोनवर सांगितलं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि मुलीने तिच्यावर ठेवला नाही.

लग्न झालं. माझ्या बेताने काही मोडलं नाही. चँडलरच्या जवळ कोर्टात झालं. आम्ही गेलो, उभे राहिलो, केक खाल्ला, दुसऱ्या दिवशी परत आलो. मला जावई आवडायला लागला. तो मला दर पंधरा दिवसांनी फोन करायचा, गाडीच्या इंजिनाबद्दल बोलायचा. मुलगी माझ्याशी नीट बोलायची. आईशी फक्त तब्येत आणि हवामान. याच काळात मी शनिवारच्या जेवणांत ती गोष्ट सांगायला लागलो. का सांगायचो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. लोक हसले की ती गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी वाटायची, एवढं खरं.

दोन वर्षांनी मुलीला दिवस गेले. बायकोने डिंक, खारका, आळीव जमवले, लाडू केले. पहिलं बाळंतपण, आईने जायचंच, यात विचारण्यासारखं काय आहे, असं तिला वाटत होतं. बॅग दारात होती. मुलीचा फोन आला. "आई, नको येऊस. त्याची आई येतेय तीन महिन्यांसाठी. वी आर मॅनेजिंग."

लाडू पार्सलने पाठवले. नात झाली. बायकोने तिला फोटोत बघितलं.

पुढच्या चतुर्थीला मी दुपारी जेवायला आलो तर दोन ताटं वाढलेली होती. मला वाटलं, ती दिवस विसरली. मी म्हटलं, "अगं, आज..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "सोडली मी. देवाला धरून बसले आणि पोरगी हातची गेली. माझंच चुकलं सगळं. त्या दिवशी दोन घास खाल्ले असते तर काय झालं असतं?" आणि तिने भात कालवायला सुरुवात केली.

माझ्याने जेववलं नाही. मी तिला सांगितलं. यादी आली होती इथपासून लॉबीतल्या खुर्चीपर्यंत. रंगाचंही सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. मला वाटलं होतं, बराच लागेल.

ती ऐकत होती. कालवलेला भात तसाच राहिला. मग म्हणाली, "तीन वर्षं तुम्ही मला खोटारडी ठरू दिलंत. आणि लोकांच्या घरी माझ्यावर हसलात."

"हो."

"मला वाटायचं, ती फोनवरची बाई बेफिकीर असेल. मी तिला नावं ठेवत राहिले." तिने उठून हात धुतले. "पोरीला फोन करा. आता. मी असताना नको, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत सांगाल." कोट चढवून ती शेजारच्या मैत्रिणीकडे गेली.

फोन जावयाने उचलला. मी म्हटलं, तूही ऐक, आणि तुझ्या आईलाही सांग. मग इंग्रजीत सांगितलं, म्हणजे काही झाकायला जागा राहू नये. त्याच्याबद्दल मनात काय आलं होतं, तेही. तो म्हणाला, "थँक यू फॉर टेलिंग मी," आणि फोन मुलीकडे दिला. त्यानंतर त्याने इंजिनाबद्दल मला कधी फोन केला नाही.

मुलीने दोनच प्रश्न विचारले.

"नऊचं टेबल होतं?"

"होतं. निदान बुकिंगच्या दिवशी होतं. पुढे मी विचारलंच नाही."

"आणि आई तो फास्ट कशासाठी करते?"

तेही सांगितलं. काचेची पेटी, सहा आठवडे. हे बोलून दाखवायचा हक्क मला नव्हता, पण तो बायकोकडून मागून घ्यायला वेळ नव्हता. पलीकडे बाळ रडत होतं. मुलीने त्याला थोपटलेलं ऐकू आलं. मग म्हणाली, "आईला दे."

"ती बाहेर गेलीय."

"मग तिला शोधून आण, बाबा."

मी शेजारी जाऊन दार वाजवलं. बायको माझ्याशी न बोलता घरी आली आणि झोपायच्या खोलीत फोन घेऊन बसली. दार तिने लावून घेतलं. दीड तासाने बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते आणि हातातल्या कागदावर विमानाच्या वेळा लिहिलेल्या होत्या. ते बुकिंग तिने स्वतः केलं. आयुष्यातलं पहिलं.

आठवड्याने मी तिला विमानतळावर सोडलं. विहीणबाई अजून चँडलरलाच होत्या. तिने बॅगेत त्यांच्यासाठी पातळ घेतलं होतं आणि मुगाच्या लाडवांचा डबा. चेक-इनच्या रांगेत मी म्हटलं, "त्या बाईंना माझ्या वतीने..."

"ते तुमचं तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मी माझं सांगणार आहे. तो निरफणस मी सगळा खाल्ला होता म्हणून."

ती दोन महिने राहिली. तिथून रविवारी फोन यायचा. आधी ती बोलायची, घरातली औषधं, झाडांना पाणी, एवढंच. मागून दोन बायकांचं हसणं यायचं आणि नातीचा आवाज. मी विचारायचो, पोरगी आहे का तिथे? ती विचारून यायची.

"आहे. पण आत्ता नको म्हणतेय," ती सांगायची. "पुढच्या रविवारी विचारते."